फळ्यावरचा केक

देऊलकर बाईंनी आम्हाला फ्रूटकेक शिकवला, तो फळ्यावर. जूनमध्ये सुरुवात केली, आणि डिसेंबर उजाडला तरी सातवी 'ब'च्या चोपन्न मुलांपैकी एकाच्याही हाताला मैदा लागला नव्हता. खडू मात्र भरपूर लागला.

विषयाचं नाव कार्यानुभव. मुलांनी पुस्तक बाजूला ठेवून हातांनी काहीतरी करून बघावं, असा सरकारचा विचार असावा. मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेपर्यंत पोचताना तो विचार वाटेत कुठेतरी उतरून जायचा. पाचवीत आम्ही खडू तयार केले, ते फळ्यावर टेकवले की मोडायचे. सहावीत उदबत्त्या वळल्या. त्या पेटायच्या नाहीत, आणि पेटल्याच तर वर्गात गोणपाट जळल्यासारखा वास यायचा. सातवीला वरून यादी आली : मेणबत्त्या, कापडी पिशव्या किंवा बेकरीचे पदार्थ. बाईंनी बेकरीच्या पदार्थांवर बोट ठेवलं, कारण त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं. दादरला मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी तीन आठवड्यांचा बेकरीचा कोर्स केला होता. वर्षाच्या पहिल्या तासाला त्यांनी ते सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं आणि पहिल्या बाकावर दिलं. "हात न लावता बघा आणि मागे द्या," म्हणाल्या. हात न लावता मागे कसं द्यायचं ते कुणाला कळेना. शेवटी त्या स्वतःच ते छातीशी धरून वर्गभर फिरल्या. मागच्या बाकावरच्या प्रकाश सावंतने नमस्कार केला. बाईंना तो नमस्कार खराच वाटला.

बाई उंच, ताठ आणि इस्त्रीच्या. साडी तर इस्त्रीची असायचीच, चेहराही असायचा. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे वेळ फक्त त्यांनाच दिसावी. वय पन्नाशी उलटलेलं, तरी प्रगतिपुस्तकावर सही करताना नावाआधीचा 'कु.' असा ठसठशीत काढायच्या की नाव त्यामागे लपायचं. आम्हाला आडनावाने हाक मारायच्या. मी 'नाईक'. सगळ्यांना मिळून 'मंडळी'. 'समजलं?' असं विचारायच्या आणि आम्ही तोंड उघडायच्या आत 'समजलंच पाहिजे' असं उत्तरही द्यायच्या. कुणी हात वर केला की म्हणायच्या, "प्रश्न शेवटी." शेवटी घंटा व्हायची.

शाळेतलं पाणी त्या प्यायच्या नाहीत. घरून फिरकीचा तांब्या आणायच्या. "माझा घसा नाजूक आहे," म्हणायच्या. घसा नाजूक असलेल्या बाईंचा आवाज तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा.

तर केक. पहिले दोन आठवडे व्याख्या. "मैदा, साखर, लोणी व अंडी यांचे मिश्रण भट्टीत भाजून तयार केलेला पाश्चात्त्य पदार्थ म्हणजे केक होय." त्यातल्या 'होय'वर बाई खडू आपटायच्या. मग केकचे प्रकार, फायदे, भेसळ कशी ओळखावी. मग ओव्हनची आकृती. ती काढायला बाईंना दोन तास लागले. शेडिंग केलं, बाण काढले, बटणाला 'नियंत्रक' असं नाव दिलं. आमच्यापैकी कुणीच ओव्हन पाहिलेला नव्हता. आकृतीवरून मला तो साधारण लोखंडी कपाटाएवढा असावा असं वाटलं होतं, आणि त्यात केक हॅंगरला लावत असतील.

चाचणी परीक्षा झाली. प्रश्न असे : 'ओव्हनची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.' 'टुटीफ्रुटीचे दोन उपयोग लिहा.' 'सकारण लिहा : केक फुगतो.' प्रकाश सावंतने लिहिलं, 'केक फुगतो, कारण त्याला कोणी खात नाही म्हणून राग येतो.' त्याला अंगठे धरून उभं केलं. मला वीसपैकी अठरा पडले, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी शेडिंग केलं होतं. आईने पेपर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "केकमध्ये अठरा!" म्हणाली. "आणि घरात साधा चहा टाकता येत नाही."

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकाशनेच विचारलं, "बाई, करायचा कधी?"

"पोहायला शिकायचं तर आधी काय शिकतात, सावंत?"

"आधी पाण्यात ढकलतात, बाई."

"आधी थिअरी," बाई म्हणाल्या. पण प्रश्न त्यांच्या मनाला लागला असावा, कारण पुढच्या आठवड्यात त्यांनी कागदाच्या पुडीत छटाकभर टुटीफ्रुटी आणली. लाल, हिरवी, पिवळी. "ही निरीक्षणासाठी आहे," बाई म्हणाल्या. "रंग बघा, आकार बघा, चिकटपणा बघा, आणि पुडी मागे द्या." पुडी पहिल्या बाकावरून निघाली. शेवटच्या बाकावर पोचली तेव्हा तिच्यात निरीक्षण करण्यासारखा फक्त कागद उरला होता, तोही चाटलेला.

बाईंनी पुडी झटकली. मग म्हणाल्या, "जिभा."

आम्ही चोपन्न जण ओळीने उभे राहिलो आणि जिभा बाहेर काढल्या. बाई एकेकासमोर थांबून चष्म्यातून बघत होत्या. डॉक्टर बघतात तशा, फक्त दया वजा करून. एकोणीस जिभा हिरव्या निघाल्या, बारा लाल. प्रकाशची जीभ अर्धी लाल, अर्धी हिरवी होती. बाकीच्यांची रंगहीन होती, ते पिवळीवाले. बाईंना पिवळी ओळखता आली नाही म्हणून मी सुटले. रंगीत जिभांनी पन्नास वेळा लिहिलं : 'टुटीफ्रुटी ही निरीक्षणासाठी असते, भक्षणासाठी नव्हे.'

मग कृती. फळ्यावर सात पायऱ्या, त्यातली सहावी : 'सर्वांत शेवटी मिश्रणावर बेकिंग पावडर भुरभुरावी.' ती लिहून बाई वळल्या, तर खिडकीजवळच्या बाकावरून वैशाली कांबळेने हात वर केला होता.

"प्रश्न शेवटी, कांबळे."

"प्रश्न नाही, बाई. चूक आहे."

आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या. वैशाली बारीक, सावळी, फारसं न बोलणारी. तिचे बाबा चेकनाक्याजवळच्या बेकरीत भट्टीवर होते, हे आम्हाला माहीत होतं, कारण तिच्या दप्तराला कायम पावाचा वास यायचा आणि मधल्या सुट्टीत आम्ही त्यावरून तिला चिडवायचो.

"बेकिंग पावडर मैद्यात घालून दोनतीनदा चाळून घेतात," ती म्हणाली. "वरून टाकली तर गुठळ्या होतात. कडू लागतं."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही. बाबा करतात."

"बाबांकडे सर्टिफिकेट आहे?"

वर्ग हसला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमच्यात कसं करतात ते तुमच्यापाशी, कांबळे. इथे अभ्यासक्रम चालतो."

त्या 'तुमच्यात'चा अर्थ बेकरीवाले असा नव्हता. तो वैशालीला कळला, बाईंना माहीत होता, आणि बारा वर्षांच्या आम्हालाही बरोबर कळला. आम्ही पुन्हा हसलो. मीही हसले. पहिल्या बाकावर बसून बाईंच्या विनोदाला न हसणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या चाचणीत 'फ्रूटकेकची कृती लिहा' हा चार गुणांचा प्रश्न होता. वैशालीने बाबांची कृती लिहिली. बाईंनी त्यावर लाल शाईने तिरकी रेघ मारली, शून्य दिलं आणि शेरा लिहिला : 'वर्गात लक्ष नाही.' वैशाली पेपर घेऊन टीचर्स रूमच्या दारात उभी राहिली. बाई तांब्यातून पाणी पीत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर, फिरकी नीट बसवून म्हणाल्या, "फळ्यावर आहे ते बरोबर. जा."

हे असंच वर्षभर चाललं असतं आणि आम्ही केकची थिअरी पक्की करून सुखाने आठवीत गेलो असतो. पण डिसेंबरात इन्स्पेक्शन लागलं. मोठे सर वर्गात आले आणि आनंदाने म्हणाले, "या वेळच्या मॅडम फार उत्साही आहेत. त्यांना कार्यानुभव प्रत्यक्ष बघायचा आहे. मी सांगून टाकलं, आमच्या देऊलकर बाई मुलांकडून केक करून घेतात."

बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री पहिल्यांदा मोडलेली मी तेव्हा पाहिली.

"सर, तयार केक ठेवला तर?" त्यांनी हळूच विचारलं. "मुलं ॲप्रन घालून भोवती उभी राहतील."

"छे छे! प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष. आमच्या हिचा ओव्हन आहे, तो पाठवतो."

ओव्हन आला. लोखंडी कपाटाएवढा नव्हता, पातेल्याएवढा होता. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला मध्ये काच. मोठ्या सरांच्या घरी त्यात कांदे ठेवत असावेत, कारण तळाशी सालं होती. 'नियंत्रक' कुठेच नव्हता. वायर लावली की चालू, काढली की बंद.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी प्रयोगशाळेत रंगीत तालीम ठेवली. त्यासाठी सहा मुलं निवडली, ती अक्षरावरून. ज्यांचं अक्षर चांगलं, ते केक करणार. मी होते. प्रकाशचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं, पण ओव्हन उचलून आणायला कुणीतरी हवं होतं म्हणून तो होता. वैशाली नव्हती.

बाई वही घेऊन परातीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. आम्ही लोणी-साखर फेसली. मग अंड्यांची पाळी आली. बाईंनी एक अंडं उचललं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, टेबलाच्या कडेपाशी नेलं, आणि तसंच परत आणून प्रकाशच्या हातात दिलं. "सावंत, फोड. माझी साडी चांगली आहे." प्रकाशने ते असं फोडलं की अर्धं परातीत आणि अर्धं बाईंच्या चांगल्या साडीवर.

सहावी पायरी आली. बेकिंग पावडर भुरभुरवली. तासाभराने झाकण काढलं. आत एक चकती होती. कडा काळ्या, मध्ये खड्डा, वर पांढरे ठिपके, आणि टुटीफ्रुटी सगळी तळाला जाऊन बसलेली. प्रकाशने एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर थुंकला.

"बाई, वाट लागली," तो म्हणाला. "साबण लागतोय."

एरवी या वाक्याला अंगठे धरावे लागले असते. आज बाई आमच्या स्टुलावर बसल्या. साडीवर वाळलेलं अंडं तसंच होतं.

मी घाबरत विचारलं, "बाई, कोर्समध्ये तुमचा कसा झाला होता?"

त्यांनी चकतीवरचा एक पांढरा ठिपका नखाने खरवडला. मग म्हणाल्या, "आम्ही चाळीस जणी होतो. ओव्हन एक. पुढे उभ्या राहिलेल्यांना दिसायचं. मी मागे असायचे. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर लिहायच्या, ते मी उतरवून घेतलं."

"आणि घरी नाही करून बघितला?" प्रकाशने विचारलं. त्याला कुठे थांबायचं ते कधीच कळलं नाही.

"घरी वहिनी आहे," बाई म्हणाल्या. "तिला ओट्याशी कुणी आलेलं चालत नाही. माझं ताट वाढून बाहेर येतं."

मला हसू यावं की वाईट वाटावं, ते कळेना. सहा महिने आमच्या डोक्यात ज्यांनी केक भरला, त्यांनी आयुष्यात अंडंही फोडलं नव्हतं. दादरच्या फळ्यावरून मुलुंडच्या फळ्यावर, आणि वाटेत कुठेतरी एक ओळ खालीवर झालेली. आम्ही उभेच होतो. बाईंनी रुमालाने साडी पुसली, ती आणखी पसरली. मग त्यांनी विचारलं, "कांबळेचं घर कुणाला माहीत आहे?"

प्रकाशला माहीत होतं. तो, मी आणि बाई असे तिघं टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत गेलो. बाई पदर सावरून, उघड्या गटाराच्या कडेकडेने, पाय कुठे ठेवायचा याचं निरीक्षण करत चालत होत्या. वैशालीच्या आईने आम्हाला बघितलं आणि घाईघाईने पत्र्याची खुर्ची पुसली. वैशालीचे बाबा पहाटेचं काम उरकून, दुपारची झोप काढून चहा पीत बसले होते, ते उठून उभे राहिले. वैशाली कोपऱ्यात गृहपाठ करत होती. ती उठली नाही.

आईने आधी बाईंसमोर पाण्याचा ग्लास धरला. स्टीलचा, लखलखीत. बाईंचा तांब्या शाळेतच राहिला होता.

"नको," बाई म्हणाल्या. "मला आज उपास आहे."

"पाण्याचापण?" वैशालीच्या आईने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, की मुद्दाम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ग्लास तसाच पुढे होता. बाईंनी तो घेतला आणि एका दमात प्यायल्या. गरज पडली की उपास सुटतात. घशाला काही झालं नाही.

मग बाईंनी काम सांगितलं. वैशालीचे बाबा ऐकून घेत होते. हात पुढे बांधलेले, भुवयांचे केस भट्टीने जळालेले. "कांबळे," बाई म्हणाल्या, आणि लगेच सुधारून, "अहो कांबळे, उद्या सकाळी तासभर शाळेत येऊ शकाल का?"

"सकाळी मी भट्टीवर असतो, बाई. पण वैशालीला येतं की सगळं. तिलाच सांगा."

सगळ्यांनी वैशालीकडे बघितलं. तिने वहीतून मान वर केली.

"मला त्यात शून्य आहे, बाई," ती म्हणाली.

"वैशे!" तिचे बाबा ओरडले. "बाईंशी असं बोलतात?"

"बघू आपण ते, कांबळे," बाई म्हणाल्या. "इन्स्पेक्शन होऊन जाऊ दे."

"आधी बघा."

आवाज चढवला नव्हता वैशालीने. तिने दप्तरातून तो पेपर काढला, चार घड्या घातलेला, उलगडून पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. बाईंनी मोठ्या सरांकडे बघावं तसं त्या पेटीकडे बघितलं. मग पर्समधून लाल पेन काढलं. शून्यावर काट मारली, शेजारी चार लिहिले आणि खाली सही केली. 'कु.' या वेळी जरा बारीक निघाला.

"शेरा पण," वैशाली म्हणाली.

बाईंनी 'वर्गात लक्ष नाही' हेही खोडलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वैशालीने ॲप्रन घातला नाही, कारण तो तिच्यासाठी शिवलेलाच नव्हता. तिने ओढणी कमरेला बांधली. ओव्हनच्या तळाशी वाळू पसरायला लावली, म्हणजे खालून करपणार नाही. मैदा आणि बेकिंग पावडर तीनदा चाळून घेतली. टुटीफ्रुटी आणि मनुका कोरड्या मैद्यात घोळवल्या. "नाहीतर बुडतात," ती इन्स्पेक्शनच्या मॅडमना म्हणाली. आम्हाला कामं वाटून देत होती : "नाईक, तू एका बाजूनेच ढवळ. सावंत, अंडी मी फोडते, तू लांब हो." मॅडम खुर्ची ओढून मन लावून बघत होत्या. मोठे सर मॅडमकडे बघत होते. बाई वैशालीकडे बघत होत्या, मान लांब करून, परातीच्या अगदी जवळ येऊन. मला वाटतं, त्या शिकत होत्या.

पंचेचाळीस मिनिटांत वास सुटला. आधी जिन्यात, मग दुसऱ्या मजल्यावर. पाचवीची मुलं 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' करत एकेक करून प्रयोगशाळेच्या दाराशी जमली. झाकण काढलं तर केक काचेला टेकायला आला होता. गुलाबीसर तपकिरी, मध्ये बारीकशी चीर पडलेला. कापल्यावर टुटीफ्रुटी वरपासून खालपर्यंत सारखी.

मॅडमनी तुकडा खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. मग वैशालीला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, तुला हे कुणी शिकवलं?"

मोठ्या सरांचा हसरा चेहरा तसाच थांबला. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. आम्ही सहाही जण वैशालीकडे बघत होतो. तिने एकदा बाईंकडे बघितलं.

"बाबांनी," ती म्हणाली.

"अरे वा! आणि बाईंनी काय शिकवलं?"

वैशालीने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि वाईटही बोलायचं नसावं. "बाईंनी ओव्हनची आकृती शिकवली."

मॅडमना हसू आलं. मोठ्या सरांना घाम आला. आणि बाई? बाईंना मी त्या क्षणी मानलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होय, मॅडम. पालकांचा सहभाग हेच माझं सूत्र आहे. काल मी स्वतः घरी जाऊन पालकांना भेटले."

मॅडमनी ते लिहून घेतलं. शाळेच्या अहवालात आलं : 'कार्यानुभवात पालकांचा सहभाग स्तुत्य. संबंधित शिक्षिकेचे अभिनंदन.' मोठ्या सरांनी प्रार्थनेच्या वेळी ते वाचून दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वैशालीनेही वाजवल्या, दोन.

केकचं म्हणाल तर एक तुकडा मॅडमनी खाल्ला, एक मोठ्या सरांनी. अर्धा मॅडमना डब्यात बांधून दिला. उरलेला टीचर्स रूममध्ये गेला, तिथून क्लार्ककडे. ज्यांनी ढवळला त्या सहा जणांना आणि वैशालीला परात मिळाली, चाटायला नव्हे, घासायला. "मंडळी, आनंद करण्यात असतो," बाईंनी सांगितलं. "खाण्यात काय आहे?" त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला टुटीफ्रुटीचा हिरवा कण चिकटलेला होता. निरीक्षण आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

जानेवारीत पुन्हा फळा. बाईंनी कृतीत सुधारणा करून ती नव्याने उतरवून दिली. मैदा चाळण्याच्या दुसऱ्या पायरीपुढे कंसात लिहिलं होतं : 'कांबळे पद्धत'. प्रकाश खुसखुसला, तर बाई म्हणाल्या, "हसण्यासारखं काय आहे, सावंत? पद्धतीला नाव असतं." वार्षिक परीक्षेत प्रश्न आला : 'कांबळे पद्धतीचे दोन फायदे लिहा. (४ गुण)'. मला चार मिळाले. वैशालीला तीन. शेरा होता : 'उत्तर मुद्देसूद नाही.'

आठवीपासून कार्यानुभवाला दुसरे सर आले आणि त्यांनी आम्हाला बागकामाच्या नावाखाली शाळेचं मैदान झाडायला लावलं. देऊलकर बाई जिन्यात दिसायच्या. मान तशीच ताठ, तांब्या तसाच हातात. आम्ही दहावीत असताना त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी पालकांचा सहभाग या विषयावर पाऊण तास घेतला.

त्यानंतरच्या दिवाळीत मी आईबरोबर चेकनाक्याच्या बेकरीत गेले. दिवाळीआधी सगळ्या बायका नानकटाईचं पीठ मळून तिथे न्यायच्या, बेकरीवाले ट्रे द्यायचे, त्यात गोळे मांडून भट्टीत भाजून घ्यायचे. भलीमोठी रांग होती. रांगेच्या पुढे, भट्टीच्या तोंडाशी, देऊलकर बाई उभ्या होत्या. साडी चुरगळलेली, कोपरापर्यंत मैदा, कपाळालाही मैदा. त्यांच्या पुढ्यातल्या ट्रेमधले गोळे एक लिंबाएवढा, एक आवळ्याएवढा, आणि दोन तर एकमेकांना चिकटलेले. वैशालीच्या बाबांनी ते बघितलं, दोन्ही वेगळे केले आणि लांब फळीने ट्रे आत ढकलला.

आई म्हणाली, "बाई, तुम्ही? घरच्यांसाठी का?"

"घरी वहिनीच्या झाल्यात कधीच्या," बाई म्हणाल्या. "माझ्या कुणाला हव्यात घरी?"

ट्रे बाहेर आला. वैशालीच्या बाबांनी विचारलं, "डबा आणलाय ना, बाई?"

"नाही आणला. इथेच खाणार आहे."

पावाच्या रिकाम्या खोक्यावर त्या बसल्या, ट्रे मांडीवर घेतला खाली पोतं घालून, आणि गरमगरम नानकटाई फुंकर मारत खाऊ लागल्या. रांगेतल्या बायका बघत होत्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. तिसरी खाऊन झाल्यावर त्यांनी चौथी वैशालीच्या बाबांपुढे धरली. त्यांनी हात पुसून ती घेतली, तोंडात टाकली आणि चावत थोडा वेळ भट्टीकडे बघत राहिले.

"वेलची विसरलात, बाई."

"विसरले," बाई म्हणाल्या, आणि पाचवी उचलली.